अठ्ठेचाळीस वर्षांची चूल

१

चूल विझल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. सकाळी साडेसहा वाजून गेले तरी चहा आला नाही, तेव्हा ती कळली.

तशी त्याआधी धर्मशाळेतल्या नेत्रावतीची आरोळी कानावर पडली होती. "चूल गेली वो! पाणी ओतलं कुणीतरी!" पण तीन दिवस अनवाणी चालून माझ्या तळपायांना सहा फोड आले होते आणि सहाही फोडांचं एकमत होतं की अजून थोडं पडून राहावं.

मी विजयेंद्र. कलबुर्गीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. कलबुर्गीहून तुळजापूरला चालत जायचं तर आळंदचा रस्ता जवळचा, हे मला नकाशा न बघताही सांगता येतं. पण माझ्या आत्याला, म्हणजे शारदाबाईंना, नकाशा दाखवून उपयोग नसतो. आत्याचं वय सदुसष्ट. तिनं मुडबीच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. "जायचं तर मुडबीवरून. चुलीच्या धर्मशाळेत मुक्काम केल्याबिगर मला यात्रा पोचत न्हाई," असं तिनं सांगितलं, आणि मी मुकाट्यानं पंधरावीस किलोमीटर वाढवून घेतले.

ही धर्मशाळा म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची एक लांब खोली आणि बाजूची ओसरी. खाली शहाबादी फरशी, अंथरायला सतरंज्या, पाय धुवायला हौद. पलंग नाहीत. दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत, चपला घरी ठेवून निघालेली माणसं इथं एका रात्रीपुरती टेकतात. इथं नाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. भाकरी किती घेणार, एवढंच विचारतात.

आणि मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात, ती चूल. मुडबीच्या धोंडप्पांनी ती पेटवली आणि दारातल्या दगडावर कन्नडमध्ये आणि मराठीत कोरून ठेवलं: 'ही चूल जळते तोवर ही जागा चालणाऱ्यांची. विझली तर माझ्या वारसांची.' त्या दिवसापासून निलम्मा ती चूल राखते आहे. रोज संध्याकाळी स्वयंपाक उरकला की निखारे राखेत झाकायचे, पहाटे राख सारून त्यांवर नवी लाकडं ठेवायची. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या चुलीला काडेपेटी लागलेली नाही. घट बसतात त्या सकाळी आजूबाजूच्या घरांतली माणसं इथून विस्तव नेतात आणि देवापुढचा दिवा त्यावर लावतात. मुडबीचा माणूस कुठंही भेटला तरी दहा मिनिटांच्या आत हे सांगतोच, आणि सांगताना ताठ बसतो.

मी लंगडत मागे गेलो. चुलीच्या पोटात राखेचा चिखल झाला होता. काठावर हळदकुंकवाची बोटं होती, झेंडूचं ताजं फूल होतं. शेजारच्या फळीवर उघड्या दुरडीत कडक भाकऱ्यांची चवड होती. आणि चुलीपुढे निलम्मा मांडी घालून बसली होती. ती रडत नव्हती.

"कोण केलंय ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्याला बोलवा."

२

बोलवायची गरज पडली नाही. महेशकुमार स्वतःच आला.

हा धोंडप्पांचा नातू. तिशी उलटलेला, इस्त्रीच्या शर्टातला. धर्मशाळेसमोर रस्ता ओलांडला की त्याचं घर. गेलं वर्षभर तो पंचांना सांगत होता की ही रस्त्याकडेची जागा पेट्रोल पंपाला द्यावी आणि यात्रेकरूंसाठी गावात पक्क्या खोल्या बांधाव्यात. पंच दगडाकडे बोट दाखवायचे. आणि आजच सकाळी दहा वाजता तो पुन्हा त्यांच्यापुढे बसणार होता.

"आला बगा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "हात बगा त्याचे!"

महेशच्या उजव्या हाताचं बोट काळं होतं. शर्टाच्या बाहीवर तेलाचा डाग होता.

"कामून काळं झालंय रे बोट?" चिंचोळीकडचे अमृतप्पा पुढे झाले. हे तुरीचे शेतकरी. काल संध्याकाळपासून धुराच्या नावानं खोकत आणि कुरकुरत होते. "पहाटं चार वाजता तुज्या घरात उजेड व्हता. मी ह्या डोळ्यानं बगितलोय. काय करायलता?"

"ते माजं घर हाय," महेश म्हणाला. "उजेड असंल न्हाईतर अंधार."

"पण काय करायलता?"

"ते सांगायची गरज न्हाई मला." हे म्हणताना त्याचे कान लाल झाले आणि त्यानं हात मागे घेतला. एवढं गर्दीला पुरलं. दोघांनी त्याची कॉलर धरली.

"सोडा त्याला." आत्याचा आवाज वर्गातला होता. तेहतीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचलेला. दोघांनी कॉलर सोडली. बहुतेक दोघंही तिच्याच हाताखालून गेले असावेत.

"बाई, ह्यानंच—"

"निरीक्षण अगोदर, निष्कर्ष मागनं. नववीत शिकवलं होतं का न्हाई?"

मग एक वयस्क गृहस्थ पुढे झाले. ते पंचांपैकी होते. त्यांनी सांगितलं ते महत्त्वाचं. वारसानं स्वतः चूल विझवली तर त्याचा हक्क जातो, असं धोंडप्पा हयात असतानाच तोंडी ठरलं होतं. म्हणजे महेशनं हे केलं असेल तर जागा वाचली. पण कुणाच्या हलगर्जीपणानं चूल गेली असेल, तर दगडावरचं लिहिणं लागू. जागा महेशची.

"दहाला निकाल करू," ते म्हणाले. घड्याळात सव्वासात झाले होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. घरून श्रीलक्ष्मी. माझी बायको फोनवर बोलते तेव्हा स्पीकर लावावा लागत नाही.

"तुमी तिकडं चालायलात निवांत, आन् मी इकडं घटाच्या दिव्याला जागायलेय! तुमी परत येईस्तोवर तेवता ठेवायचा म्हनं. वात सारून सारून हात बगा माजे!"

मी ओशाळून फोन बंद केला. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या घराकडे पाहिलं, आणि पदर खोचला.

"विजू, चल. तीन माणसांशी बोलायचंय. आन् भूक लागली असली तर त्या दुरडीतली भाकरी घे. चहा काय आज मिळत न्हाई."

३

अमृतप्पा ओसरीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून झोपले होते. मधली भिंत एका विटेची.

"झोपलोच कुठं, बाई? धुरानं डोळ्याला डोळा न्हाई. लोकायला काय, चूल म्हणली की हात जोडतेत. आमी खोकायचं."

"म्हणजे तुमालाच चुलीचा जास्त तरास."

अमृतप्पा चमकले. "अवो बाई! तेरा वर्षं झाली मी हितंच मुक्काम करायलोय. धूर सोसवंना तर दुसरीकडं गेलो नसतो का?"

"काय काय ऐकलं तुमी?"

त्यांनी बोटांवर मोजलं. निलम्माचा खोकला. दोन ट्रक. कुत्री. पाचच्या सुमाराला बांगड्या वाजल्या, घागर वाजली. बायका पाणी भरत असतील. "आन् मग ती सून वरडली."

"दुसरा काईच आवाज न्हाई?"

"सुई पडली असती तरी ऐकलो असतो."

आत्यानं मान हलवली. मी भाकरी मोडली. ज्वारीची, कडक, पांढरीशुभ्र. शेंगदाण्याची चटणी मी झोळीतून काढली आणि विज्ञानापेक्षा पोटाकडे लक्ष दिलं.

नेत्रावती, निलम्माची सून, हौदाजवळ भांडी घासत होती. तिचं आणि सासूचं, म्हणजे तिच्या अव्वाचं, पटत नाही, हे काल संध्याकाळी अर्ध्या तासात आम्हाला कळलं होतं. "गॅस आणा म्हणून वरीस झालं सांगायलेय. चुलीत जाऊ द्या ती चूल!" असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती.

"म्हणलं होतं की," आता ती म्हणाली. "रागात म्हणलं. तेवढ्यानं मी चूल इझविन का?"

"गॅस कामून पायजे होता तुला?"

"धुरानं अव्वाचे डोळे—" ती थांबली आणि कढई जोरात घासू लागली. "मला धूर सोसत न्हाई."

"सकाळी काय झालं, ते क्रमानं सांग."

"पाचला आले. बगते तर चुलीत पाणी. वरडले."

"रोज सकाळी चुलीची पूजा कोण करतं?"

"मीच. अगोदर हळदकुंकू, फूल, नमस्कार. मग राख सारायची. अव्वाचा नेम हाय, त्याच्यात बदल चालत न्हाई."

"आन् संध्याकाळी निखारे झाकायचं काम?"

"ते अव्वाचंच. कुणाला हात लावू देत न्हाईत." तिनं कढई पालथी घातली.

निलम्मा अजून चुलीपुढेच होती. माझी चाहूल लागली तशी तिनं मान वर केली. "कोण? अमृतप्पा?" मी सहा फूट उंच, अमृतप्पा जेमतेम पाच. मी नाव सांगितलं. काल संध्याकाळी तिनं मला चहाचा पेला दिला होता तो माझ्या हाताच्या वीतभर बाजूला, आणि मी तो कसाबसा झेलला होता, ते मला आठवलं. थकली असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"निलम्मा, काल तुमीच झाकलात?" आत्यानं विचारलं.

"मग कोण झाकणार? बाभळीचा लाल बुंधा बगून घ्यायचा, मधोमध ठेवायचा, वर चाळलेली राख. सतरा हजार राती झाकलं असंल म्या. एकबी रात चुकली न्हाई." तिनं मान उंच केली. "सावित्रम्मा परवाच हितनं पुढं गेली, महेशाची माय. धोंडप्पाची सून ती. पाया पडून गेली ह्या चुलीच्या. आन् तिच्याच लेकानं—"



बाहेर आल्यावर आत्या हौदाच्या काठावर बसली. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उतरला होता.

"कळलं का कुणी केलं?" मी विचारलं.

"कळलं. न कळलं असतं तर बरं झालं असतं. मी खरं बोलले तर ही जागा जाती रे, विजू."

४

दहा वाजता ओसरी भरली. पंच सतरंजीवर बसले, महेश एका बाजूला उभा राहिला. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

"बाई, तुमी सांगा," वयस्क पंच म्हणाले. "तुमचं म्हणणं आमाला मान्य."

आत्या उभी राहिली. मला माहीत होतं की गप्प बसणं तिला सोपं होतं. अख्खं गाव महेशवर खूश नव्हतंच. एक बोट काळं होतं, एक माणूस उत्तर देत नव्हता, आणि एवढ्यावर धर्मशाळा वाचत होती.

"मी ह्या गावात पोरायला एकच गोष्ट शिकवली," ती म्हणाली. "डोळ्याला दिसलं ते लिव्हा. मनाला पायजे ते लिव्हू नका. आज मी बदलले तर तेहतीस वर्षं वाया जातील." मग ती वळली. "निलम्मा, चुलीचं तुमच्याएवढं ह्या तालुक्यात कुणाला कळत न्हाई. म्हणून तुमालाच इचारते. राखेखाली निखारा जिता असताना वर घागरभर पाणी ओतलं, तर काय व्हतं?"

निलम्मा ताठ झाली. असा प्रश्न तिला आवडला असावा.

"काय व्हतं म्हंजे? चर्र करून उठतंय! शेजारच्या घरी ऐकू जातंय. राख उसळून घरभर व्हती. भिंतीवर, भांड्यावर, भाकरीवर..."



आत्यानं माझ्या हातातली उरलेली भाकरी घेतली आणि तिच्या हातात ठेवली. "ही चुलीशेजारच्या फळीवरची. दुरडी उघडी होती."

निलम्मानं भाकरीवरून बोटं फिरवली. एकदा, मग पुन्हा सावकाश. बोट जिभेला लावलं.

"राख न्हाई," ती म्हणाली.

"अमृतप्पांनी रातभर सगळं ऐकलं. चर्र आवाज ऐकला न्हाई."

"न्हाई ऐकला," अमृतप्पा हळूच म्हणाले.

"म्हणजे पाणी पडायच्या अगोदरच चूल गेली व्हती," निलम्मा म्हणाली. तिचा आवाज बदलला नाही. "म्या लाल बुंधा म्हणून काळा झाकला. मला दिसंना झालंय. चार महिने झाले."

"अव्वा!" नेत्रावती धावत आली.

आत्यानं तिच्याकडे पाहिलं, रागानं नाही. "पोरी, मेलेल्या विस्तवावर पाणी कोण ओततं? ज्याला वाटतं की लोकांनी चूल आपोआप मेली म्हणू नये, कुणीतरी मारली म्हणावं, तोच. तू म्हणालीस, आलीस तेव्हा पाणी होतं. मग विझलेल्या चुलीला ताजं फूल आन् हळदकुंकू कोण वाहिलं? तू रोजच्यासारखी आलीस. नेमानं अगोदर पूजा केलीस. मग राख सारलीस, आन् खाली काहीच न्हाई. तेव्हा घागर उचललीस."

नेत्रावती सासूच्या पायाशी बसली. "लोक म्हणले असते, निलम्मानं घालवली. अठ्ठेचाळीस वर्षांनी असं नाव घेतलं असतं अव्वाचं. मला ते ऐकवलं नसतं. महेशअण्णाचं नाव येईल, हे ध्यानातच आलं न्हाई वो."

सकाळ-संध्याकाळ भांडणारी सून! मला स्वतःची लाज वाटली. काल रात्री मी तिला मनातल्या मनात कजाग ठरवून मोकळा झालो होतो.

निलम्मानं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच हातानं आधार घेऊन उभी राहिली. ती महेशच्या दिशेनं वळली. थोडी चुकून, त्याच्या शेजारच्या खांबाकडे.

"महेशा, तुला चोर म्हणलं म्या. ते परत घेते. चूल माज्या हातनं गेली. ह्या घरात म्या खोट्यावर भाकरी थापली न्हाई, आज बी थापणार न्हाई. दगडावर लिव्हलंय तसं करा. जागा तुजी."

इतकी म्हातारी, जवळजवळ आंधळी बाई, सगळं हरताना इतकी ताठ उभी असलेली मी पाहिली नव्हती. मला तिचा अभिमान वाटला, आणि ती माझी कुणीही नव्हती.

पंचांनी माना खाली घातल्या. "मग... ठरलं म्हणायचं," वयस्क पंच म्हणाले.

"एक प्रश्न उरलाय," आत्या म्हणाली. "महेश. तुजं बोट काळं कशानं झालं?"

महेशनं हात पाठीमागे नेला.

"उत्तर मला ठाव हाय. पण ते मी देणार न्हाई. ज्याचा पेपर त्यानंच सोडवायचा. कोरा दिलास तरी जागा तुलाच मिळती."

महेशनं दारातल्या दगडाकडे पाहिलं. मग निलम्माकडे. मग गर्दीतून वाट काढत निघून गेला.

५

"कागद आणायला गेला," कुणीतरी म्हणालं.

"उत्तर काय आहे, आत्या?" मी कुजबुजलो.

"तुज्या बायकोनं सकाळीच सांगितलं की. घरातलं माणूस चालत गेलं की ते परत येईस्तोवर घरातला घटाचा दिवा शांत करत न्हाईत. सावित्रम्मा चालायलीय. मग तिच्या घरी वात कोण सारतंय? पहाटं चारला उठून तेल कोण घालतंय?"

"मग त्यानं सकाळीच सांगितलं का नाही? मार खायची पाळी आली होती!"

"पंप काढायला निघालेला माणूस पहाटं उठून आईचा दिवा सांभाळतो, हे चारचौघात सांगायची लाज वाटली त्याला. लहानपणीबी असाच. येतंय ते सांगायचा न्हाई."

आणि तो दिवा घट बसले त्या सकाळी कुठल्या विस्तवावर लावला होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण दिवा त्याचा, घर त्याचं. फुंकर मारली असती तर कुणालाही कळलं नसतं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी हौदाजवळच्या कट्ट्यावर चढलो.

रस्त्यापलीकडचं दार उघडलं. महेश बाहेर आला. इस्त्रीच्या शर्टात आणि अनवाणी. दोन्ही हातांत पितळेचा दिवा होता, आणि वारा येत होता त्या बाजूला अंग आडवं धरून तो चालत होता. उसाची एक ट्रॉली हॉर्न वाजवत आली. अमृतप्पा खोकत खोकत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले. ट्रॉली थांबली. मागे बस थांबली. बसच्या खिडक्यांतून माणसं बघू लागली आणि काही कळत नसताना त्यांनी हात जोडले.

ओसरीतली गर्दी आपोआप दुभंगली. नेत्रावतीनं तोवर चुलीतला चिखल हातानं काढून कोरड्या गोवऱ्या रचल्या होत्या.

निलम्माला तेलाचा वास आला असावा. "कोण आलंय?"

महेश चुलीपाशी येऊन थांबला.

"धोंडप्पाचा नातू," तो म्हणाला. "तुमच्याच चुलीचा विस्तव हाय, अव्वा. आईनं घटाला नेला व्हता. ह्या पहाटंला बी म्याच तेल घातलंय. इझू दिला न्हाई."

वयस्क पंचांनी टोपी काढली. चूल विझली नव्हती. रस्ता ओलांडून पलीकडे जळत होती, एवढंच.

महेशनं दिवा निलम्मापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. चाचपडत सुनेचं मनगट धरलं आणि तिचा हात दिव्याकडे नेला.

"तू लाव. आन् आज राती राख बी तूच ओढ. माजे डोळे आता तुज्यापाशी."

नेत्रावतीनं एक वाळकी काटकी दिव्यावर धरली. गोवरीनं धूर धरला, मग जाळ धरला. अमृतप्पांना ढास लागली आणि त्यांनी पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

निघताना मी वळून पाहिलं. महेश दारातल्या दगडावर पाणी ओतून तो आपल्या शर्टाच्या बाहीनं पुसत होता. अक्षरांत माती बसली होती, ती काळ्या बोटानं एकेक करून काढत होता.

"नववी ब," आत्या म्हणाली. डोळे पुसायला तिनं चष्मा काढला होता. "तिसऱ्या रांगेत बसायचा. माजा विद्यार्थी हाय तो."

आम्ही बसवकल्याणच्या रस्त्याला लागलो. फोड दुखत होते, पण चहा मिळाला होता.